स्टीलहेड मोजतात कसे? टॅग लावा, सोडा, परत पकडा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या ओरेगन, वॉशिंग्टन, आयडाहो भागात राहणाऱ्या किंवा इकडे फिरायला येणाऱ्या आपल्या लोकांकडून हे प्रश्न सारखे येतात, म्हणून एकदाच सगळं एका जागी लिहून टाकलंय. गणित खरंच सोपं आहे, सातवीतल्या पोराला जमेल. पण मासे गणिताला सहकार्य करत नाहीत, आणि त्यातही स्टीलहेड तर सगळ्यात कमी. खालच्या निम्म्या उत्तरांत हीच रड आहे, आधीच सांगून ठेवतो.

स्टीलहेड म्हणजे नक्की कोणता मासा? सॅमनच का?

सॅमनच्या घरातलाच, पण खरं तर हा रेनबो ट्राऊट. ऑन्कोऱ्हिंकस मायकिस. (जुन्या पुस्तकांत साल्मो गेअर्डनेरी असं सापडेल, 1989 मध्ये बदललं.) याच जातीचे काही मासे आयुष्यभर नदीतच राहतात त्यांना रेनबो म्हणतात, आणि जे समुद्रात जाऊन दोन-तीन वर्षांत धष्टपुष्ट होऊन, पाठ पोलादी निळसर करून परत येतात ते स्टीलहेड. एकाच आईबापाच्या पिल्लांतली काही जातात काही राहतात. आपल्याकडे निलगिरीत, हिमाचलात, काश्मीरमध्ये जे रेनबो ट्राऊट आहेत ते इंग्रजांच्या काळापासून आणून सोडलेले याच जातीचे, फक्त त्यांना समुद्राची वाट नाही.

मोजणीच्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे सारख्या लागणार आहेत. एक म्हणजे पॅसिफिकमधले सॅमन अंडी घालून मरतात, स्टीलहेड मरेलच असं नाही, काही जण परत समुद्राकडे निघतात, त्यांना केल्ट म्हणतात. दुसरं म्हणजे कोलंबिया खोऱ्यात वरपर्यंत जाणारे बहुतेक स्टीलहेड उन्हाळ्यात नदीत शिरतात, अख्खा हिवाळा नदीतच कुठेतरी खोल डोहात काढतात आणि अंडी घालतात ती पुढच्या वसंतात, म्हणजे नेमका बर्फ वितळून नद्या फुगलेल्या असताना.

पण मोजायचेच कशाला?

कारण सगळे निर्णय त्या आकड्यावर लटकलेले आहेत. स्नेक नदीच्या (ही कोलंबियाला मिळते) खोऱ्यातले जंगली स्टीलहेड 1997 पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली 'थ्रेटन्ड' यादीत आहेत. मासेमारी किती दिवस उघडायची, धरणावरून पाणी किती सोडायचं, हॅचरीची (म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढवलेली) पिल्लं कुठे सोडायची, नेझ पर्स वगैरे आदिवासी जमातींचा करारातला हक्काचा वाटा किती, सगळ्याला पहिला प्रश्न तोच, यंदा किती आले? आणि चढउतार भयंकर आहेत. कोलंबिया नदीवरच्या बॉनविल धरणावर 2001 मध्ये 6 लाखांच्या वर स्टीलहेड मोजले गेले, 2021 मध्ये साधारण 70 हजार. त्यात हॅचरीचे वजा केले की जंगली किती उरतात हा तर वेगळाच जीव टांगणीला लावणारा हिशोब.

मुळात ही टॅग-रिकॅप्चर पद्धत काय आहे, अगदी सोप्यात सांगा ना

लग्नाला किती माणसं आली हे मोजायचंय, पण नोंदवही नाही आणि हॉलला चार दारं आहेत. तुम्ही एका दारात उभं राहून 100 जणांना गंध लावलं. नंतर पंगत बसली, एका पंगतीत 50 पानं, त्यातल्या 10 जणांच्या कपाळाला गंध दिसलं. म्हणजे पंगतीतल्या पाचातल्या एकाला गंध आहे, मग सगळ्या लग्नात पण तेच प्रमाण धरलं तर 100 हा एकूण माणसांचा पाचवा हिस्सा, माणसं 500. झालं.

आता यात कुठे कुठे माती खाता येईल बघा. कोणी तोंड धुतलं आणि गंध गेलं. कोणी गंध बघूनच वैतागून घरी गेला. नवऱ्याकडची सगळी मंडळी तुमच्याच दाराने आली आणि सगळी पहिल्याच पंगतीला बसली. माशांच्या बाबतीत हे सगळं होतं, रोज होतं.

गणितात नेमकं काय करतात? आकडे घालून दाखवा

समजा (आकडे माझे, उदाहरणापुरते) एका ओढ्यात 120 मासे पकडून खूण करून सोडले. नंतर 80 पकडले, त्यातले 24 खुणेचे निघाले. साधा हिशोब 120 गुणिले 80 भागिले 24, म्हणजे 400.

पण प्रत्यक्षात थोडा सुधारलेला फॉर्म्युला वापरतात, चॅपमनचा, 1951 चा. सगळ्यांत एक मिळवायचा आणि शेवटी एक वजा करायचा: 121 गुणिले 81 भागिले 25, उणे 1, म्हणजे 391. कारण साधा हिशोब लहान नमुन्यात थोडा जास्तच आकडा देतो, आणि परत सापडलेले शून्य असतील तर शून्याने भागायची वेळ येते.

आता खरी गंमत. या 391 च्या आजूबाजूला 95 टक्के खात्रीची रेंज काढली तर ती साधारण 280 ते 500 अशी येते. 24 मासे परत सापडूनसुद्धा! म्हणून कोणी तुम्हाला नुसतं '391 मासे आहेत' असं सांगितलं आणि रेंज सांगितली नाही तर त्या माणसाचं फार मनावर घेऊ नका.

किती मासे टॅग करायचे हे कसं ठरवतात?

वर बघितलंत की सगळा खेळ परत सापडलेल्या माशांच्या संख्येवर आहे. 30 ला खूण केली, 20 पकडले, 6 परत मिळाले तर अंदाज 92 आणि रेंज जवळपास 46 ते 138, म्हणजे काहीच सांगितलं नाही म्हणा ना. निदान सात तरी परत मिळायला हवेत असा एक जुना ठोकताळा आहे, तोही फक्त आकडा एका बाजूला कलू नये एवढ्यापुरता, अचूकतेसाठी बरेच जास्त लागतात. आणि ओढ्यात येणारेच मुळात पन्नास-साठ मासे असतील तर कितीही घाम गाळा, गणित तुम्हाला लहान रेंज देणार नाही. तिथे मग वर्षानुवर्षांचे आकडे एकत्र बांधणारी मॉडेलं वापरतात.

ही आयडिया कोणाची?

फ्रान्सची लोकसंख्या जन्मनोंदीवरून काढताना लाप्लासने हेच प्रमाण वापरलं होतं, 1802 मध्ये. माशांवर डेन्मार्कच्या पीटरसनने 1890 च्या दशकात प्लेस नावाच्या चपट्या माशाला खुणा करून काम केलं, अमेरिकेत लिंकनने 1930 मध्ये बदकांवर. म्हणून लिंकन-पीटरसन. 1938 मध्ये झोई श्नाबेलने अनेक वेळा पकडण्याचं गणित दिलं, आणि 1965 मध्ये जॉली आणि सीबर यांनी ये-जा, जन्म-मरण चालू असलेल्या संख्येसाठी. आजचं सॉफ्टवेअर याच वंशातलं.

धरणावर खिडकीतून मासे मोजतातच की, मग टॅगची कटकट कशाला?

हा प्रश्न बॉनविलला गेलेला प्रत्येक जण विचारतो. ते दृश्य आहेच भारी, धरणाच्या बाजूने माशांसाठी पाण्याच्या पायऱ्या बांधल्यात, फिश लॅडर, आणि तळमजल्यावर काचेपलीकडून हिरवट पाण्यात मासे तुमच्या नाकासमोरून वर जातात, मध्येच एखादा लॅम्प्रे (सापासारखा लांबट मासा) तोंडाने काचेला चिकटून दम खात असतो. लोकांसाठी ही एक खिडकी, आणि मोजणाऱ्यांची खिडकी वेगळी, तिथे माणूस बसून प्रत्येक मासा ओळखून बटण दाबतो. 1938 पासून ही मोजणी चालू आहे.

पण तो आकडा म्हणजे 'इथून किती वेळा मासा गेला' एवढाच. मोजणारा काही चोवीस तास बसत नाही, रात्रीचे मासे सुटतात. बऱ्याच ठिकाणी तासातली 50 मिनिटंच मोजतात आणि बाकीची दहा हिशोबाने भरून काढतात. मग फॉलबॅक, म्हणजे मासा वर चढतो, स्पिलवेवरून (सांडव्यावरून) परत खाली पडतो आणि पुन्हा चढतो, झाली दोनदा मोजणी. काही मासे आपल्या घरची उपनदी ओलांडून उगाच पुढच्या धरणापर्यंत जातात, मग मागे येतात (जॉन डे नदीचे स्टीलहेड यासाठी बदनाम आहेत, मॅकनेरी धरण ओलांडून वर जातात). आणि सगळ्यात मोठं म्हणजे खिडकीतून हे कळतच नाही की हा मासा पुढे जाणार कुठे. कोलंबियातून स्नेकमध्ये येत एकूण आठ धरणं चढून मासा लोअर ग्रॅनाइटला पोचतो, समुद्रापासून जवळपास 700 किलोमीटर. त्याच्या पुढे क्लिअरवॉटर, सॅमन, ग्रँड रॉंड, इम्नाहा अशा नद्यांचं जाळं. तिथल्या प्रत्येक खोऱ्यातल्या माशांची तब्येत वेगळी बघायची असते, खिडकीतल्या एका बेरजेने काय होणार?

टॅगमुळे हे सगळे गोंधळ मोजता येतात. टॅगवाला मासा रात्री गेला तरी लॅडरमधल्या अँटेनाला (टॅगचा नंबर वाचणारं यंत्र) कळतो, दोनदा चढला तरी कळतं, आणि किती टक्के असं करतात हे कळलं की खिडकीचा आकडा दुरुस्त करता येतो. म्हणजे खिडकी आणि टॅग एकमेकांचे शत्रू नाहीत, एकाशिवाय दुसरं लंगडं.

जंगली कोण आणि हॅचरीचा कोण हे कसं ओळखतात?

पाठीवर शेपटीच्या जरा आधी एक छोटा मांसल पर असतो, अ‍ॅडिपोज. हॅचरीतल्या पिल्लांचा तो कापून टाकतात. त्यामुळे पर नाही म्हणजे हॅचरीचा, इतकं सरळ. उलट मात्र सरळ नाही, पर आहे म्हणजे जंगलीच असं धरू नका, कारण काही हॅचरीची पिल्लं मुद्दाम पर न कापता सोडतात. ती ओळखायला एकतर नाकात टोचलेली मिलिमीटरभर लांबीची कोडेड वायर असते, किंवा डीएनए. हॅचरीत अंडी काढलेल्या प्रत्येक नर-मादीचा डीएनए आधीच नोंदवलेला असतो, पुढे कुठेही सापडलेल्या माशाचा परातला एवढासा तुकडा तपासला की आईबाप कळतात. म्हणजे पिल्लाला हात न लावता टॅग, आईबापाचा डीएनए हाच टॅग. मला विचाराल तर गेल्या वीस वर्षांत या धंद्यात झालेली सगळ्यात हुशार गोष्ट हीच.

टॅग कसले कसले असतात?

पिट टॅग सगळ्यात जास्त. तांदळाच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा, साधारण 12 मिलिमीटरची काचेची नळी, आत तांब्याची गुंडाळी आणि चिप, बॅटरी नाही. अँटेनाच्या क्षेत्रातून गेला की तेवढ्यापुरता जागा होऊन स्वतःचा नंबर सांगतो. कुत्र्यामांजरांना टोचतात तीच चीज. बॅटरी नसल्यामुळे मासा जगेल तोवर चालतो, पिल्लू असताना टोचलेला टॅग समुद्रातून परत आल्यावर पण बोलतो. कोलंबिया खोऱ्यात हे 1980 च्या दशकापासून चालू आहे, आणि सगळ्या नोंदी पीटॅजिस नावाच्या एकाच डेटाबेसमध्ये जातात, कोणत्याही राज्याने, जमातीने, खात्याने लावलेला असो. आपल्याकडच्या कुठल्याही दोन सरकारी खात्यांचा एकत्र डेटा डोळ्यासमोर आणा, म्हणजे याची किंमत कळेल.

फ्लॉय टॅग म्हणजे पाठीच्या पराच्या बुडाशी टोचलेला रंगीत प्लॅस्टिकचा दोरा, वर नंबर. बाहेरून दिसतो, गळ टाकणाऱ्यालाही कळतो, पण पडतोही. रेडिओ टॅग महाग, बॅटरीवाला, मोठ्या माशाच्या घशातून पोटात सरकवतात आणि त्याची एरियल तोंडातून बाहेर लोंबते. दिसायला विचित्र, पण नदीत परतलेला स्टीलहेड तसाही फारसा खात नाही. आणि सगळ्यात स्वस्त म्हणजे कल्ल्याच्या झाकणाला पंचने पाडलेलं भोक. नंबर नाही, नाव नाही, फक्त 'हा आधी भेटलाय' एवढंच सांगतं, आणि बऱ्याच कामांना तेवढंच पुरतं.

माशाला त्रास होत नाही का?

होतो, थोडा. म्हणून आधी गुंगी देतात. एक औषध एमएस-222, दुसऱ्या एका औषधात चक्क युजेनॉल असतं, म्हणजे लवंगेच्या तेलातला तोच घटक जो आपण दाढ दुखल्यावर लावतो. गुंगलेला मासा पन्हाळीसारख्या ओल्या पाळण्यात ठेवायचा, लांबी मोजायची, चार खवले काढायचे (वय कळायला, झाडाच्या वर्तुळांसारख्या रेषा असतात), पराचा तुकडा घ्यायचा, टॅग टोचायचा, शुद्धीवर आला की सोडायचा. सरावाची माणसं हे सगळं एखाद-दोन मिनिटांत उरकतात. मोठा धोका गरम पाण्याचा. पाणी 20-21 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ट्रॅपवरचं (मासे पकडायच्या पिंजऱ्यावरचं) काम कमी करतात किंवा बंदच. आता यात पेच असा की ऑगस्टच्या उकाड्यात नेमके जे मासे चढतात त्यांचा नमुनाच मिळत नाही, मग त्या आठवड्यांचा अंदाज आधीच्या-नंतरच्या आठवड्यांवरून बांधावा लागतो.

सॅमनपेक्षा स्टीलहेड मोजणं कठीण का म्हणतात?

चिनूक किंवा सॉकाय सॅमन मोजायचे तर दुसऱ्या वेळचं 'पकडणं' मेलेल्या माशांवर होतं. ते अंडी घालून मरतात, हेमंतात पाणी कमी आणि स्वच्छ असतं, माणसं काठाने फिरून मढी गोळा करतात, किती खुणेची किती बिनखुणेची, झाला हिशोब. स्टीलहेड मरायला तिथे थांबत नाही, आणि वसंतातलं पाणी चहासारखं गढूळ, जोराचं. मढी नाहीत आणि अंड्यांची घरटी पण दिसत नाहीत.

मग काय करतात? लहान ओढ्यात विअर लावतात, म्हणजे नदीत आडवं दांड्यांचं कुंपण आणि मध्ये ट्रॅप. आयडाहोत लॉक्सा नदीला मिळणारा फिश क्रीक म्हणून ओढा आहे, तिथे हॅचरीचे मासे सोडतच नाहीत, सगळे जंगली, तिथलं विअर अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. वर जाणारा प्रत्येक मासा ट्रॅपमध्ये, खूण, आणि वर सोडला. आता तुम्ही म्हणाल मग मोजले की सगळे. नाही ना! बर्फाचं पाणी आलं की अख्खी झाडं वाहत येतात, विअर तुंबतं, वाकतं, कधी पाणी वरूनच जातं आणि त्या दोन-चार दिवसांत किती मासे सटकले देव जाणे. इथे केल्ट कामाला येतात. अंडी घालून परत खाली निघालेले, हडकलेले, पर झिजलेले मासे विअरच्या वरच्या बाजूला येऊन अडतात, ते पकडून बघायचं, खूण आहे का नाही. पन्नास केल्टांपैकी चाळिसांना खूण असेल तर जाताना आपण साधारण 80 टक्के पकडले होते, उरलेले 20 टक्के पुरात निसटले. जो मासा मरत नाही म्हणून सगळे वैतागलेले असतात तोच न मेल्यामुळे हिशोब पुरा करून देतो.

एक खोच आहे पण. केल्टांमध्ये माद्या जास्त असतात, नर बरेचसे भांडून-झिजून वरच मरतात. आणि नर लवकर येऊन बराच काळ ओढ्यात रेंगाळतात. म्हणजे पुराच्या दिवसांत निसटलेल्यांमध्ये माद्या जास्त असतील तर खुणेचं प्रमाण फसवं निघणार. म्हणून जमेल तिथे नर-मादी वेगळे मोजून मग बेरीज करतात.

'परत पकडणं' हाताने पकडूनच करावं लागतं का?

आता नाही, आणि इथेच सगळं काम बदललंय. लोअर ग्रॅनाइट धरणाच्या लॅडरमध्ये एक ट्रॅप आहे, त्याचं दार दिवसभर ठरावीक अंतराने थोडा थोडा वेळ उघडतं, त्यामुळे चढणाऱ्या माशांचा ठराविक हिस्सा त्यात येतो, कोणाची निवड करून नाही, जो आला तो. जंगली असेल तर पिट टॅग लावून वर सोडतात. मग वरच्या नद्यांत तळाशी अँटेना बसवल्यात, या काठापासून त्या काठापर्यंत. मासा वरून गेला की नोंद. कोणी पकडत नाही, गुंगी नाही, काही नाही, मार्च-एप्रिलमध्ये रात्री दोन वाजता गुडघाभर बर्फात कोणाला उभं राहावं लागत नाही.

पण अँटेना पण झोपतात, पुरात वाहून जातात, पाणी फार खोल झालं की वरून गेलेला मासा ऐकू येत नाही. म्हणून दोन ओळी लावतात, थोड्या अंतराने. वरच्या ओळीत 50 टॅग दिसले आणि त्यातले 45 खालच्या ओळीतही दिसलेले असतील, तर खालची ओळ 90 टक्के ऐकते. नीट बघितलंत तर हे पुन्हा तेच टॅग-रिकॅप्चरचं गणित आहे, फक्त लहान आकारात. मग धरणावरची एकूण संख्या गुणिले त्या उपनदीत गेलेल्या टॅगांचं प्रमाण. यासाठी स्टॅडेम आणि डॅबोम नावाची दोन मॉडेलं वापरतात, पहिलं धरणावरची एकूण संख्या काढतं, दुसरं ती फांद्याफांद्यांत वाटतं.

गृहीतकं मोडली तर आकडा कमी येतो का जास्त?

कुठलं मोडलं त्यावर. टॅग पडले, किंवा टॅग लावलेले मासे ताणाने जास्त मेले, किंवा बघणाऱ्याला खूण दिसलीच नाही, या तिन्हीत परत सापडणारे कमी भरतात आणि अंदाज फुगतो. वरच्या 400 वाल्या उदाहरणात दहा टक्के टॅग पडले तर 400 चे साधारण 444 होतात. कोणाला कळणारही नाही. म्हणून दोन खुणा करतात, टॅग आणि शिवाय कल्ल्याला भोक, भोक आहे टॅग नाही असा मासा आला की किती पडतात ते कळलं.

उलट काही मासे दोन्ही वेळेला सहज सापडणारे असतील आणि काही दोन्ही वेळेला चुकवणारे, तर परत सापडणारे जास्त आणि अंदाज कमी. हा प्रकार जास्त वाईट, कारण जे मासे कधीच दिसत नाहीत त्यांची तक्रार कोण करणार.

दोन गोष्टी मात्र दिलासा देणाऱ्या आहेत आणि लोकांना त्या माहीत नसतात. दोन्ही नमुने निःपक्षपाती लागत नाहीत, एक जरी खरोखर सरमिसळ असेल तर चालतं. आणि मध्ये मासे मेले तर बिघडत नाही, खुणेचे आणि बिनखुणेचे सारख्याच प्रमाणात मेले असले म्हणजे झालं, आकडा पहिल्या वेळेच्या संख्येचा मिळतो. मध्ये नवीन मासे आले तर दुसऱ्या वेळेचा मिळतो. दोन्ही झालं तर मात्र हा साधा फॉर्म्युला कपाटात ठेवा आणि जॉली-सीबरकडे वळा.

समुद्राकडे जाणारी पिल्लं कशी मोजतात?

रोटरी स्क्रू ट्रॅपने. दोन तराफ्यांच्या मध्ये एक मोठा शंकू, प्रवाहाने स्वतःच फिरतो, आत शिरलेलं पिल्लू मागच्या पेटीत. नदीतली सगळी पिल्लं काही त्यात येत नाहीत, म्हणून पकडलेल्यांपैकी काहींना खूण करून वरच्या अंगाला नेऊन पुन्हा सोडायचं आणि किती परत येतात बघायचं. 100 सोडली 12 आली, ट्रॅप 12 टक्के पकडतो, मग बिनखुणेची 300 पकडली असतील तर गेली अडीच हजार. पाण्याचा जोर बदलला की टक्के बदलतात, त्यामुळे आठवड्या-आठवड्याचा हिशोब वेगळा.

स्टीलहेडचा इथला ताप असा की समुद्राकडे निघालेली पिल्लं दोन-तीन वर्षांची, चांगली दणकट असतात, ट्रॅप दिसला की बगल देतात. आणि दुसरा ताप त्याहून मजेशीर, वर नेऊन सोडलेल्या पिल्लांपैकी काहींचा विचार बदलतो. यंदा नको जायला, किंवा कायमचं रेनबो होऊन इथेच राहू. ती परत आली नाहीत म्हणजे ट्रॅपने चुकवली असं आपण धरतो आणि आकडा फुगतो. चंदेरी झालेली, निघायच्या बेतातली पिल्लंच निवडून खूण केली तर हे बरंच आवरतं.

पाण्यात उतरून नुसतं डोळ्यांनी मोजलेलं ऐकलंय, ते खरं का?

खरं. ब्रिटिश कोलंबियातल्या स्वच्छ पाण्याच्या नद्यांत ड्रायसूट आणि स्नॉर्कल घालून माणसं प्रवाहाबरोबर तरंगत जातात आणि मासे मोजतात. चीकामस नदीवर असं बरंच काम झालंय. 2005 च्या ऑगस्टमध्ये तिथे रेल्वेचे डबे घसरून सुमारे 40 हजार लिटर कॉस्टिक सोडा नदीत सांडला होता, पाच लाखांच्या आसपास मासे मेले असा अंदाज आहे आणि स्टीलहेडच्या पिल्लांना मोठा फटका बसला, त्यामुळे तिथल्या आकड्यांवर सगळ्यांची नजर. पोहणाऱ्याला सगळे मासे दिसत नाहीत हे उघड आहे, म्हणून आधी काही माशांना रेडिओ टॅग आणि वरून दिसेल अशी रंगीत खूण करतात. रेडिओवरून कळतं की या पट्ट्यात टॅगवाले इतके आहेत, पोहणाऱ्याला त्यातले इतके दिसले, म्हणजे डोळ्याची क्षमता इतकी. पाऊस पडून गढूळ झालं की तीच क्षमता धपकन खाली येते.

भारतात असं काही होतं का?

हो, फक्त टॅगच्या जागी पट्टे. ताडोबात, मेळघाटात, देशभर वाघ मोजतात तेव्हा कॅमेरा ट्रॅपमध्ये आलेल्या फोटोतले पट्टे जुळवून हाच मासा, सॉरी, हाच वाघ परत आला का ते बघतात, मूळ गणित हेच. पूर्वी पावलांच्या ठशांवरून मोजायचे, सारिस्कातले वाघ संपलेत हे 2005 मध्ये उघड झालं आणि ती पद्धत गेली. माशांमध्ये म्हणाल तर गंगेतली हिलसा, फरक्का बंधारा 1975 मध्ये झाल्यावर तिची वरची वाट अडली. बराकपूरची केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्था बंधाऱ्याच्या वर हिलसा सोडते आणि काहींना टॅगही लावते. हिलसा फार नाजूक, हाताळलं की मरते, स्टीलहेडवाल्यांना हे ऐकून आपलं बरं वाटेल.

गळाला टॅगवाला मासा लागला तर काय करू?

आधी पर बघा. आयडाहोत अ‍ॅडिपोज पर शाबूत असलेला स्टीलहेड परत सोडावाच लागतो. त्याला फोटोसाठी कडेवर घेऊन उभं राहू नका, पाण्यातच ठेवून गळ काढा. रंगीत टॅग दिसला तर नंबर लिहून घ्या किंवा पाण्यातच फोटो काढा, सोडायचा मासा असेल तर टॅग उपटू नका, तो परत कोणालातरी सापडायचाय. टॅगवर फोन नंबर किंवा वेबसाइट असते, काहींवर बक्षिसाची रक्कमही छापलेली असते, तिथे कळवा: तारीख, नदी, साधारण जागा, ठेवला का सोडला. लोक टॅग खिशात घालून विसरतात, आणि न कळवलेला प्रत्येक टॅग म्हणजे हिशोबात एक परत न सापडलेला मासा. ठेवायच्या माशात पिट टॅग असला तर तुम्हाला दिसणार नाही, तो पोटात असतो. साफ करताना काचेचा तुकडा दिसला तर काढून टाका, आणि गाभोळी तळायची असेल तर तीही आधी बोटांनी चाचपून घ्या, दाताखाली आला तर दाढ जाईल.